त्या एका ओळीसाठी : लायसन्स वाचणाऱ्या लायब्रऱ्यांच्या मेंटेनरांना खुलं पत्र

प्रति,
सॉफ्टवेअर लायसन्सचा मजकूर वाचणाऱ्या, ओळखणाऱ्या आणि एसबॉममध्ये (सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीत) नोंदवणाऱ्या ओपन सोर्स लायब्रऱ्यांचे (तयार कोडसंचांचे) सर्व मेंटेनर, म्हणजे त्या सांभाळणारे

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लायसन्स तपासणीचं काम करते. आमचं उत्पादन ग्राहकाकडे जाण्याआधी त्यात कोणाकोणाचा कोड आहे, तो कुठल्या अटींवर घेतलाय आणि त्या अटी आपण पाळतोय का, हे बघणं माझ्याकडे असतं. एका उत्पादनात शेकड्यांनी, कधी हजारांनी छोटी पॅकेजं असतात. प्रत्येकाचं लायसन्स हाताने उघडून वाचणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून माझं सगळं काम तुम्ही लिहिलेल्या लायब्रऱ्यांच्या भरवशावर चालतं. तुमच्यातले बरेच जण नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसा न घेता हे करतात याची मला पूर्ण जाणीव आहे.

मागणी एकच आहे. समोर आलेला लायसन्सचा मजकूर तुमच्या लायब्ररीच्या ओळखीचा नसेल, कोणीतरी स्वतः लिहिलेला असेल, किंवा ओळखीच्या मजकुरात कोणी एखादी ओळ घातली असेल, तर तो आहे तसा, पूर्ण, त्याच्या पॅकेजसोबत पुढे पोचवा. त्याला जवळपासचं ओळखीचं नाव चिकटवू नका आणि 'इतर' असा शिक्का मारून मजकूर मागे ठेवू नका.

मी हे का मागते आहे, ते सांगते. काही वर्षांपूर्वी आमचा एक ग्राहक रुग्णालयातली उपकरणं बनवणारा होता. त्याला द्यायच्या सॉफ्टवेअरची यादी तयार झाली आणि त्यात एका छोट्या गणिती लायब्ररीपुढे 'एमआयटी' असं आलं. एमआयटी हे जवळजवळ काहीही करू देणारं लायसन्स, आमच्या कामात हिरवा कंदील. मी पुढच्या ओळीकडे वळले. टीममध्ये नुकतीच आलेली एक मुलगी मात्र जमेल तितक्या फाइली स्वतः उघडून वाचायची. तिने मला हाक मारली. फाइल वरून खालपर्यंत एमआयटीच होती, फक्त शेवटी एक ओळ जास्त होती : लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय हे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणात वापरू नये. आमच्या टूलने मजकूर ताडून पाहिला होता, तो एमआयटीशी जवळजवळ जुळला होता, आणि त्यातलं 'जवळजवळ' अहवालात कुठेच आलं नव्हतं.

आम्ही लेखकाला मेल लिहिली. तो एका विद्यापीठात शिकवणारा माणूस निघाला. त्याचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय. हा कोड मी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिला, असं त्याने कळवलं. अगदी लहान आणि अगदी मोठ्या आकड्यांवर तो चुकतो हे मला माहीत आहे, आणि त्याच्या भरवशावर कोणाच्या सलाइनचा वेग ठरू नये म्हणून ती ओळ घातली. आम्ही ती लायब्ररी काढून दुसरी घेतली. त्या ओळीमागे एका माणसाची काळजी होती. ती त्याने शक्य तितक्या स्पष्टपणे लिहून ठेवली होती, आणि त्याच्या आणि माझ्या मधल्या एका प्रोग्रामने ती पुसून टाकली होती. त्या दिवसापासून 'न ओळखलेलं लायसन्स' हे शब्द मला वेगळेच ऐकू येतात.

अशी ओळ लाखात एखाद्याच फाइलीत असेल, असं कोणी म्हणेल. पण आपल्या क्षेत्रातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण नेमकं याच जातीचं आहे. जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीच्या कोडसाठीचं डग्लस क्रॉकफर्ड यांचं २००२ मधलं जेसन लायसन्स घ्या. मजकूर एमआयटीचा, आणि मध्ये एक वाक्य जास्त : हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. मूळ इंग्रजीत हे वाक्य नऊ शब्दांचं आहे. एमआयटी लायसन्स साधारण १७० शब्दांचं. म्हणजे नुसते शब्द मोजून तुलना केली तर दोन्हींत फरक पाच टक्क्यांच्या आसपास येतो. नव्वद टक्के जुळलं की 'एमआयटी' म्हणून मोकळ्या होणाऱ्या लायब्ररीला तो दिसणारच नाही. पण त्याच नऊ शब्दांमुळे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हे लायसन्स मुक्त मानलं नाही, डेबियन आणि फेडोरा या लिनक्स प्रणालींनी ते नाकारलं, आणि अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०१६ मध्ये ते आपल्या प्रकल्पांत चालणार नाही असं ठरवलं. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ७ व्या आवृत्तीत जेसन वाचणारा जुना भाग काढून नवा बसवला गेला, त्यामागेही या वाक्याची अडचण होती. असं वाक्य कायद्याच्या कागदात नसावं, असं माझं स्वतःचं मत आहे. चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवणार कोण? पण ते तिथे आहे, लिहिणाऱ्याने ते मुद्दाम लिहिलंय, आणि वापरणाऱ्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. माझं मत काय आहे याने त्यात काही फरक पडत नाही. तुमच्या लायब्ररीच्या मतानेही पडू नये.

कॉमन्स क्लॉजचंही तसंच. २०१८ मध्ये काही कंपन्यांनी ही जोड-अट वापरायला सुरुवात केली : खाली अपाची २.० सारखं पूर्ण, ओळखीचं लायसन्स आणि वर काही ओळी, की हे सॉफ्टवेअर विकण्याचा हक्क यात येत नाही. खालचा भाग अक्षरन् अक्षर जुळतो. 'फाइलीत अपाची लायसन्स सापडलं' हे विधान खरं आहे. 'ही फाइल म्हणजे अपाची लायसन्स' हे विधान खोटं आहे. या दोन विधानांतला फरक तुमच्या कोडमध्ये एका फंक्शनच्या नावाइतका आहे, माझ्यासाठी तो ग्राहकाशी झालेल्या कराराइतका आहे.

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार केलेल्या कोणालाही हे चटकन समजेल. सातबारा हातात आला की जाणता माणूस मालकाचं नाव वाचून थांबत नाही, तो 'इतर हक्क' या रकान्याकडे जातो. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, सगळं तिथे सापडतं. मालकाचं नाव बरोबर आणि तो रकाना मात्र रिकामा, असा उतारा कोणी दिला तर त्यातलं एकही अक्षर खोटं नसतं, तरी घेणारा बुडतो. स्वतः लिहिलेल्या लायसन्समधली जास्तीची ओळ म्हणजे इतर हक्कातली नोंद आहे. ती गाळून 'एमआयटी' सांगणारी लायब्ररी कोणाचंही कर्ज न फेडता सातबारा कोरा करून देते.

कायद्याच्या बाजूनेही मजकूर हीच परवानगी आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. लिहिला त्या क्षणी त्यावर हक्क निर्माण होतो, नोंदणी लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३० प्रमाणे हक्कदार दुसऱ्याला परवाना देतो तो लेखी. म्हणजे ते लिखाण हरवलं तर माझ्याकडे उरतं ते फक्त लायसन्सचं नाव, आणि नुसत्या नावावर कोणी कोणाला काही दिलेलं नसतं.

अमेरिकेतला जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा २००८ चा निकाल तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या फाइली दुसऱ्या कंपनीने आपल्या उत्पादनात घेतल्या. घेताना लेखकांची नावं, कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सच्या फाइलीचा उल्लेख गळाला. त्या लायसन्समधली कलमं म्हणजे नुसती वचनं नसून अटी आहेत आणि त्या मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं अपिली न्यायालयाने म्हटलं. त्या फाइलींतून जे गळालं, नेमकं तेच आज आपली टूल्स रोज, हजारो पॅकेजांमधून, कोणाच्या मनात काही वाईट नसताना गाळत आहेत. म्हणून मला हा निकाल सारखा आठवतो.

आता थोडं तुमच्या कोडविषयी. हे मी बाहेरून सांगत नाही. तुमच्या लायब्रऱ्यांचा कोड मी वाचते, अडलं की पॅच पाठवते, आणि जिथे मजकूर हरवतो त्या जागा एव्हाना ओळखीच्या झाल्या आहेत.

सॉफ्टवेअरमधले घटक आणि त्यांची लायसन्सं नोंदवण्याचं मानक असलेल्या एसपीडीएक्सने यासाठी सोय फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. आपल्या यादीत नसलेल्या लायसन्ससाठी 'लायसन्सरेफ-' असा उपसर्ग लावून स्वतःचं ओळखचिन्ह बनवायचं आणि कागदात वेगळ्या जागी त्याच चिन्हाखाली पूर्ण मजकूर ठेवायचा. २०२१ मध्ये आयएसओ मानक झालेल्या आवृत्तीत हे आहे, आणि २०२४ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत तर 'कस्टम लायसन्स' नावाचा वेगळा वर्गच आहे. जुन्या आवृत्तीत लायसन्सरेफ वापरला की मजकूर देणं सक्तीचं आहे. तरीही माझ्याकडे येणाऱ्या कागदांत असे लायसन्सरेफ असतात ज्यांचा मजकूर कुठेच सापडत नाही. बनवणाऱ्या लायब्ररीने चिन्ह लिहिलं, मजकुराचा विभाग लिहिला नाही, आणि तपासणाऱ्या लायब्ररीने ते चालवून घेतलं. कृपा करून इथे तरी एरर द्या. मोठ्याने द्या. माझं बिल्ड थांबलं तर मी एक दिवस वैतागेन, पण मला कळेल.

तीन गोष्टींची सरमिसळ तर जवळजवळ सगळीकडे दिसते. 'नन' म्हणजे बघितलं, लायसन्स नाहीच. 'नोअसर्शन' म्हणजे आम्ही काही सांगत नाही : बघितलं नसेल, किंवा बघूनही ठरवता आलं नसेल. लायसन्सरेफ म्हणजे बघितलं, आहे, ते यादीतलं नाही, आणि हा घ्या मजकूर. या तीन उत्तरांवर मला तीन वेगळी कामं करावी लागतात. पहिल्यात वापरायची परवानगीच नाही असं धरून लेखकाला विचारायचं, दुसऱ्यात पुन्हा तपासायचं, तिसऱ्यात बसून वाचायचं. तुमच्या फंक्शनने तिन्हींसाठी 'नल', म्हणजे रिकामं उत्तर, परत केलं की मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लायसन्सचा प्रकार बंद यादी म्हणून लिहिलेला असेल, म्हणजे यादीत नाही ते अस्तित्वातच नाही असं तुमचा टाइप म्हणत असेल, तर तो बदला. हा बदल त्रासाचा आहे, जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांचा कोड मोडेल, हे मला कळतं. पण या एका बदलाने बाकीच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

ओळखचिन्हाचं नाव हाही असाच घोळ. अनेक लायब्रऱ्या सापडेल त्या क्रमाने 'लायसन्सरेफ-१', 'लायसन्सरेफ-२' असं नाव देतात. एका कागदात ते ठीक. पण आम्ही दहा पुरवठादारांचे दहा कागद एकत्र करतो, आणि दहाहींत 'लायसन्सरेफ-१' असतो, प्रत्येकात वेगळ्या मजकुराचा. जोडणारी लायब्ररी नुसत्या नावावरून मजकूर ओळखते आणि शेवटचा मजकूर आधीच्या नऊ मजकुरांवर बसतो. कसलाही इशारा येत नाही. अशा एका जोडकामात एका छायाचित्र-लायब्ररीच्या नावाखाली भलत्याच कोणाच्या फॉन्टच्या अटी आलेल्या मी पाहिल्या आहेत. चिन्हात पॅकेजचं नाव घाला, किंवा मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, घाला. हॅश मला जास्त आवडतो, कारण तोच मजकूर दोन ठिकाणी आला तर नाव आपोआप एकच होतं आणि एक अक्षर जरी बदललं तरी ते वेगळं होतं.

आणि मजकूर साफ करण्याची ती सवय. दोन मजकूर ताडताना जागा, ओळी, लहानमोठी अक्षरं, अवतरणचिन्हांचे प्रकार बाजूला ठेवावेत, असे एसपीडीएक्सचे जुळणीचे नियम सांगतात, आणि ते बरोबर आहेत. पण हे नियम ताडण्यासाठी आहेत, साठवण्यासाठी नाहीत. तुलनेसाठी प्रत काढा, तिच्यावर काय हवं ते करा, मूळ मजकुराला हात लावू नका. जी लायब्ररी साफ केलेली प्रतच साठवते तिच्यातून बाहेर आलेलं लायसन्स एक सलग परिच्छेद असतो, कलमांचे आकडे मजकुरात विरघळलेले असतात, आणि 'वरील कलम ब' म्हणजे कुठलं हे शोधत मी बसते.

या बाबतीत मराठी माणूस म्हणून मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती तुमच्या टेस्टमध्ये कधी येणार नाही. काही लायब्रऱ्या 'न दिसणारी अक्षरं' काढून टाकतात, त्यांत शून्य रुंदीचं जोड-चिन्हही जातं. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत रफाराऐवजी आडवा र लिहिण्याच्या एका रूढ पद्धतीत तेच चिन्ह लागतं. ते काढलं की डोंगरातल्या दऱ्या समुद्राचा दर्या होतात आणि स्वयंपाक करणारा आचारी 'आचाऱ्याला' या रूपात येता येता 'आचार्याला' होऊन गुरुपदाला पोचतो. लायसन्सच्या मजकुरात लेखकाचं नाव, संस्थेचं नाव, कधी पूर्ण अटीच देवनागरीत असू शकतात. एसपीडीएक्सच्या ओळखचिन्हात फक्त रोमन अक्षरं, आकडे, टिंब आणि जोडरेघ चालते, हे मला मान्य आहे, ते चिन्ह आहे. मजकुराला मात्र लिपीचं बंधन नाही, आणि तुमच्या कोडनेही ते घालू नये. न दिसणारं म्हणजे निरुपयोगी असं नसतं.

उलट बाजूचीही अडचण आहे. जीपीएल या लायसन्सच्या आवृत्ती २ च्या जुन्या प्रतींमध्ये पान बदलण्याचं नियंत्रण-चिन्ह आहे, जुन्या प्रिंटरांच्या काळातला अवशेष. ते एक्सएमएल १.० या फाइल-स्वरूपात चालतच नाही, सांकेतिक रूपातही नाही. मग लिहिणारी लायब्ररी कोसळते, किंवा कोणीतरी घाईत सगळीच नियंत्रण-चिन्हं आणि त्यांच्यासोबत ओळींचे शेवटही उडवून टाकतो. सायक्लोनडीएक्स या एसबॉमच्या दुसऱ्या मानकाने इथे चांगला मार्ग ठेवलाय : लायसन्सचा मजकूर बेस६४ करून, म्हणजे साध्या रोमन अक्षरांत बदलून, जोडता येतो. तो वापरा. तो कागद माणसाने सरळ वाचायचा नसतोच, उघडून वाचायला टूल आहे. बाइट जसेच्या तसे राहिले हे महत्त्वाचं.

एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडाराच्या बाबतीत एक खास धोका आहे. तिथे खासगी पॅकेजच्या लायसन्स रकान्यात 'अनलायसन्स्ड' असं लिहितात, अर्थ : कोणालाही कुठलाच हक्क दिलेला नाही. आणि एसपीडीएक्सच्या यादीत 'अनलायसन्स' नावाचं लायसन्स आहे, अर्थ : मी सगळे हक्क सोडले, हे सार्वजनिक आहे. रोमन लिपीत दोघांत एका अक्षराचा फरक, अर्थामध्ये मात्र जमीन-अस्मानाचा. टायपिंगची चूक समजून जवळचं नाव सुचवणारी लायब्ररी इथे कुलूप लावलेलं घर धर्मशाळा म्हणून दाखवते. लायसन्सच्या नावांवर अंदाजाने दुरुस्ती करूच नका. विचारा, सुचवा, पण स्वतःहून बदलू नका.

मेटाडेटा वाचताना काही ठिकाणी तुम्हाला फाइलीपर्यंत जावंच लागेल. एनपीएममध्ये 'सी लायसन्स इन' आणि पुढे फाइलीचं नाव अशी पद्धत आहे, रस्टच्या कार्गोमध्ये 'लायसन्स-फाइल' हा वेगळा रकाना आहे. पायथनमध्ये वर्षानुवर्षं एकाच मोकळ्या रकान्यात कोणी नाव लिहिलं, कोणी अख्खं लायसन्स ओतलं; २०२४ मध्ये मान्य झालेल्या पीईपी ६३९ या प्रस्तावाने नाव आणि फाइली वेगळ्या केल्या, लायसन्सरेफला जागा दिली आणि फाइली यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच असाव्यात असं सांगितलं. मला हा अलीकडचा सगळ्यांत नेटका बदल वाटतो. जावाच्या मेव्हनमध्ये मात्र अजून नाव आणि वेबपत्ता एवढ्यावरच भागतं. पत्ता म्हणजे मजकूर नव्हे. पान बदलतं, डोमेन विकलं जातं. डॉटनेटच्या नूगेटने पत्त्याचा रकाना २०१८ मध्येच मोडीत काढला. पत्ता सापडला तर त्या दिवशी तिथे काय होतं ते तारखेसह साठवा, आणि ते फाइलीतून आलं नाही, पत्त्यावरून आलं, हेही नोंदवा.

आतापर्यंत मी न ओळखलेल्या लायसन्सविषयी बोलले. पण नाव बरोबर ओळखलं तरी मजकूर ठेवा. बर्कलीच्या जुन्या चार कलमी लायसन्समध्ये जाहिरातीची अट होती : जाहिरातीत अमुक संस्थेचं नाव घ्यावं. मूळ नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. पुढे ज्याने त्याने तिथे आपलं नाव घातलं. १९९७ च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका आवृत्तीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी ७५ वेगवेगळी वाक्यं मोजली होती. विद्यापीठाने आपल्या कोडवरची अट २२ जुलै १९९९ रोजी काढून टाकली, पण इतरांची वाक्यं इतरांकडेच राहिली. आज तुमची लायब्ररी या ७५ जणांसाठी एकच ओळखचिन्ह देते, आणि ते चूक नाही, साचा एकच आहे. फक्त जाहिरातीत कोणाचं नाव घ्यायचं हे त्या चिन्हात नाही. एमआयटीतही कॉपीराइटची ओळ सोबत ठेवा असं सांगितलेलं असतं, आणि ती ओळ प्रत्येकाची वेगळी असते.

एवढा मजकूर साठवायचा कुठे, असा प्रश्न मला नेहमी येतो. एमआयटीची एक प्रत साधारण एक किलोबाइटची. जीपीएल ३ पस्तीस किलोबाइटच्या आसपास. हॅशवरून एकच मजकूर एकदाच ठेवला तर मोठ्या उत्पादनाचीही सगळी लायसन्सं एका साध्या फोटोपेक्षा कमी जागेत बसतात, हे मी आमच्या कामात करून पाहिलंय. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : वापरणाऱ्यांना लाल-हिरवं एवढंच हवं असतं, मजकूर दिला तर वाचतो कोण? मी वाचते. माझ्यासारखे लोक प्रत्येक कंपनीत एक-दोन असतात, आणि त्यांच्याआधी तो मजकूर कोणीही वाचत नाही. आमच्या हातात तो आला नाही तर तो लिहिणाऱ्याचं म्हणणं कोणापर्यंतही गेलं नाही.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं, की भारतात एसबॉम आता ऐच्छिक हौस राहिलेली नाही. सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत शेअर बाजाराशी संबंधित संस्थांकडून तो मागितला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्याच्या तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचनांत घटकाचं लायसन्स हा एक रकाना आहे आणि वापरावरची बंधनं हा आणखी एक. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी टीम सध्या घाईघाईने हे कागद तयार करत आहेत. त्या सगळ्या तुमच्याच लायब्रऱ्या वापरतात. ज्या पद्धतीने तुम्ही आज मजकूर ठेवाल किंवा टाकाल, तीच पुढची दहा वर्षं या नोंदींत राहील.

माझ्याकडून जे होईल ते मी करून ठेवलं आहे. तपासणीसाठी काही फाइली मी तयार केल्या आहेत : एमआयटीत एक ओळ जास्त असलेली, वरती जोड-अट आणि खाली अख्खं अपाची असलेली, पान-चिन्ह असलेली, लॅटिन-१ या जुन्या अक्षर-संकेतात लिहिलेली, आडव्या र ची देवनागरी असलेली, आणि एकाच 'लायसन्सरेफ-१' ची दोन वेगळी रूपं असलेल्या दोन कागदांची जोडी. त्यांतला प्रत्येक मजकूर मी स्वतः लिहिलेला किंवा पुन्हा वापरायची परवानगी असलेला आहे. प्रत्येकीसोबत एकच अपेक्षा लिहिली आहे : वाचा, लिहा, परत वाचा, आणि मजकूर बाइटला बाइट तोच आला पाहिजे. येत्या महिन्यात मी त्या एकेका प्रकल्पात पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) म्हणून पाठवणार आहे. तुमच्या टेस्ट त्यावर नापास झाल्या तर रिक्वेस्ट बंद करू नका, उघडी राहू द्या. दुरुस्तीत मला घ्या, शनिवार-रविवार मी मोकळी असते. आणि मला न सुचलेली एखादी फाइल तुमच्याकडे असेल, जिने तुमची लायब्ररी कधी फसवली असेल, तर ती मला हवी आहे.

आपली,
लायसन्सच्या फाइली वाचणारी एक पुणेकर